आत माणूस आहे

कारखान्याचे मालक शैलेशसाहेब बाणेरच्या हॉटेलातलं एक दिवसाचं चर्चासत्र आटोपून आले ते थेट निरंजनच्या टेबलापाशी. हातात त्या हॉटेलचं फुकटचं पेन होतं आणि डोळ्यांत असं काही तेज होतं, की निरंजनला आधी वाटलं, साहेबांना ताप आलाय.

"चौसाळकर, इतकी वर्षं आपण चुकीच्या गोष्टीकडं बघत होतो," साहेब म्हणाले. "मशीनकडं! मशीन नाही हो, माणूस! हॅपी वर्कर, डबल आउटपुट! जग कुठल्या कुठं गेलं आणि आपण अजून ग्रीस घालत बसलोय."

निरंजन चौसाळकर हा 'मृदुला रबर' या कारखान्याचा मनुष्यबळ अधिकारी. पौड रस्त्यावरून आत वळून दोन टेकड्या ओलांडल्या की आंबेटेक नावाचं गाव लागतं, तिथं हा कारखाना प्रेशर कुकरच्या रबरी रिंगा बनवतो. मनुष्यबळ अधिकारी हे नाव तसं भारदस्त आहे. पण अकरा वर्षांत त्याच्या वाट्याला आलेलं बळ म्हणजे गमबूट वाटणं, हातमोजे मोजणं आणि बसमध्ये खिडकीपाशी कोणी बसायचं यावरची भांडणं सोडवणं. 'प्रकल्प' असा त्याला आजवर कुणी दिला नव्हता. त्यामुळे साहेबांनी "हा प्रोजेक्ट तुमचा" असं म्हटल्याबरोबर तो खुर्चीतून उठून उभाच राहिला.

प्रकल्पाला घाईही होती. कारखान्याच्या शंभर रिंगांतल्या नऊ परत येत. कुणाच्या कडेला रबराची झालर राहिलेली, कुणाला बारीक चीर. ज्या मोठ्या कंपनीच्या कुकरात या रिंगा बसत, तिनं पत्र पाठवलं होतं : वीस तारखेला आमच्या बाई तपासणीला येतील, समाधान झालं नाही तर ऑर्डर दुसरीकडं. ऑर्डर गेली असती तर पॅकिंगचं टेबल बंद झालं असतं, आणि त्या टेबलावर रिंगा निवडणाऱ्या बावीस बायका घरी बसल्या असत्या. हे सगळं निरंजनला माहीत होतं. म्हणून त्यानं संध्याकाळी नवी वही घेतली आणि पहिल्या पानावर ठसठशीत अक्षरात लिहिलं : 'आनंद प्रकल्प'. खाली दोन रेघा मारल्या. दुसरी थोडी वाकडी गेली, म्हणून तिसरी मारली.

पहिलं पाऊल अर्थातच सर्वेक्षण. निरंजननं चाळीस प्रश्नांचा तक्ता केला. वाचायला त्रास नको म्हणून उत्तरांच्या जागी चेहरे काढले : खदखदून हसणारा, हसरा, मख्ख, पडलेला आणि रडका. साठच्या साठ कामगारांनी चाळीसच्या चाळीस प्रश्नांना खदखदून हसणाऱ्या चेहऱ्यावर खूण केली. 'तुमची पाठ दुखते का?' याही प्रश्नाला मंडळी खदखदून हसली होती.

पुढं कळलं, की पॅकिंगच्या टेबलावरच्या थोरल्या सगुणाबाईंनी वाटपाच्या वेळीच हुकूम सोडला होता : "रडक्या तोंडावर जो खूण करंल, त्याचं रडनं उद्यापास्नं सुरू हुईल. ध्यानात ठिवा."

शेवटी एक मोकळा प्रश्न होता : 'कामावर येताना तुमच्या मनात काय असतं?' तिथं मात्र खरी उत्तरं आली. एकोणीस जणांनी 'डबा' लिहिलं होतं. पाच जणींनी 'पोरं'. प्रेसवर काम करणाऱ्या बिहारच्या चौघांनी हिंदीत 'घर'. आणि एकानं नुसतंच 'चढ'.

"म्हणजे शंभर टक्के लोक आनंदी आहेत," साहेब तक्ता बघून म्हणाले. "मग रिंगा का फाटतात?"

या प्रश्नाला चेहरा नव्हता.

भूगावला निरंजन राहायचा त्या इमारतीत वरच्या मजल्यावर नरहरीकाका होते. बँकेतून निवृत्त झाल्यापासून सल्ला देणं हेच त्यांचं निवृत्तिवेतन होतं. ते म्हणाले, "मत्स्यालय ठेव. आमच्या शाखेत ठेवलं आणि सहा महिन्यांत ठेवी वाढल्या. मासा बघितला की माणूस शांत होतो."

निरंजननं मत्स्यालय आणलं. बारा मासे, एक प्लास्टिकचा खजिना, एक बुडबुडे सोडणारा पाणबुड्या. पॅकिंगच्या टेबलाशेजारी ते मांडताना त्याची छाती भरून आली होती. एकच गोष्ट त्याच्या लक्षात आली नाही : भिंतीपलीकडं रबर भाजणाऱ्या प्रेस होत्या आणि ती भिंत दुपारी तव्यासारखी तापायची. साडेबाराला पाणी कोमट झालं. एकला मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. बायकांनी रिंगा सोडल्या आणि पुठ्ठे घेऊन आळीपाळीनं माशांना वारा घालायला लागल्या. त्या दिवशी पॅकिंग निम्मं झालं. शेवटी सगुणाबाईंनी मासे बादलीत घेतले आणि कुंपणापलीकडच्या शेतकरी हैबतरावांच्या विहिरीत नेऊन सोडले.

"माशांचं कल्यान झालं, सायेब," परत येऊन त्या म्हणाल्या. "आता रिंगा बगू का?"

निरंजन दुखावला, पण खचला नाही. त्या रात्री बायको गौतमीनं विचारलं, "अहो, त्या बायकांनाच का नाही विचारत काय हवंय ते?" तेव्हा त्यानं जरा चढ्या आवाजात सांगितलं, की विचारलंय, चाळीस प्रश्न विचारलेत. गौतमी झेडपीच्या शाळेत शिक्षिका. पोरांनी उत्तरं कुणाच्या वहीतून उतरवली ते तिला लांबून कळायचं. 

तपासणीला चार दिवस उरले असताना साहेबांनी मोबाइलवर एक चित्रफीत पाठवली. हास्ययोग. कुठल्याशा कारखान्यात म्हणे रोज सकाळी दहा मिनिटं सगळे हसतात आणि दिवसभर मशीनसुद्धा आनंदात चालतात. दुसऱ्या दिवशी सव्वाआठला निरंजननं साठ माणसं पटांगणात उभी केली. चित्रफितीत सांगितल्याप्रमाणे सगळ्यांची तोंडं पूर्वेला. 'नमस्कार हास्य' झालं, ते फुसकं निघालं. 'सिंह हास्य' झालं. त्यात बिहारच्या एकाचा आवाज असा काही लागला, की माणसं खरोखरीची हसायला लागली. मग आलं 'बोट हास्य'. उजवा हात लांब करायचा, समोर बोट दाखवायचं आणि पोट धरून हसायचं.

साठ माणसं पूर्वेकडं बोट दाखवून पोट धरून हसली.

पूर्वेला, छातीएवढ्या भिंतीपलीकडं, हैबतरावांचं घर होतं. हैबतराव ओसरीवर चहा पीत बसले होते. आदल्या दिवशीच विकास सोसायटीच्या निवडणुकीचा निकाल लागला होता आणि हैबतराव दोन मतांनी पडले होते. त्यातलं एक मत घरातलंच फुटलं, अशी गावभर कुजबुज होती.

हैबतरावांनी कपबशी खाली ठेवली. उठले. ट्रॅक्टर सुरू केला, शेणखतानं भरलेली ट्रॉली जोडली आणि कारखान्याच्या फाटकाकडं येणाऱ्या रस्त्यावर, माणसालाही वाट उरणार नाही अशी, आडवी लावून चावी कनवटीला खोचली. कारखान्याची जमीन मूळची त्यांचीच. ती विकली होती. पण शेवटचा दोनशे पावलांचा रस्ता अजून त्यांच्या शेतातून जायचा. तो द्यायचं ठरलं होतं तोंडी.

आठ वीसला हसणं संपलं. साडेआठला रस्ता बंद.

कच्च्या रबराचा ट्रक फाट्यावरच अडकला. बस फाट्यावर थांबू लागली आणि साठ माणसं भाताच्या बांधांवरून एकामागं एक चालत कामावर यायला लागली. साहेबांचा फोन आला. साहेब त्या वेळी चाकणला होते. ते म्हणाले, "चौसाळकर, मी तुम्हाला लोकांना हसवायला सांगितलं होतं. लोकांवर हसायला नाही."

निरंजननं शर्ट बदलला आणि पौडला एका कचेरीत गेला. कोणत्या कचेरीत ते सांगत नाही, कारण त्याला अजून तिथं कामं असतात. टेबलामागचे गृहस्थ सज्जन होते.

"रस्ता कुणाच्या जागेतून जातो?"

"हैबतरावांच्या."

"कागद?"

"तोंडी आहे."

"मग ज्यांनी तोंडी दिला त्यांनाच तोंड द्यावं लागेल. अडवला कशामुळं?"

"आम्ही हसलो."

गृहस्थांनी पेन खाली ठेवलं. "कुणाला?"

"कुणाला नाही हो. नुसतेच. कार्यक्रम होता."

"नुसतेच हसलात? साठ जण? बोट दाखवून?" त्यांनी खुर्ची पुढं ओढली. मग आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघा, अर्ज मी घेतो. पण सुनावणी व्हायला महिना जाईल. त्यापेक्षा घरी जाऊन माफी मागा. तिला तिकीट लावावं लागत नाही."

सल्ला सोन्यासारखा होता. निरंजननं तो तातडीनं मातीत घातला. गौतमीनं फोनवर बजावलं, रिकाम्या हातानं जाऊ नका. म्हणून त्यानं पौडच्याच एका दुकानातून अर्धा किलो पेढे घेतले, कुंपणाला वळसा घालून हैबतरावांच्या ओसरीवर गेला आणि वाकून पुडा पुढं केला.

हैबतरावांनी पुड्यावरचा दोरा सोडला. आत बघितलं.

"पेढं?" ते म्हणाले. "म्या पडल्याचं पेढं वाटतुयास व्हय रं?"

"नाही आबा, माफी..."

"कारखान्यातनं बोटं दावून हसून झालं, आता दारात यिऊन त्वांड ग्वाड करतुया! जा. ट्रॉली हालायची न्हाई. दिवाळीपत्तूर न्हाई."

इथं एक गोष्ट नोंदवली पाहिजे. हैबतरावांनी पुडा परत दिला नाही.

दुसऱ्या दिवशी निरंजनही बांधावरून निघाला. आश्विन नुकताच लागला होता, भात पिवळं पडायला लागलेलं, पण खाचरांत अजून चिखल होता. पुढं बायकांची रांग चालली होती, डबे सांभाळत, गप्पा मारत, जणू सिमेंटचाच रस्ता. निरंजनचे बूट शहरी. तिसऱ्या बांधावर त्याचा उजवा पाय एकीकडं गेला, डावा दुसरीकडं आणि आनंद प्रकल्पाची वही घेऊन तो कंबरेइतका खाचरात बसला.

कुणीही हसलं नाही. हसण्याची सगळ्यांनी धास्तीच घेतली होती. सगुणाबाईंनी हात देऊन त्याला वर ओढलं, पाटाच्या पाण्यापाशी बसवलं आणि बाकीच्यांना पुढं पाठवून दिलं.

"सायेब, एक इचारू?" त्या पदर खोचत म्हणाल्या. "ह्ये सगळं कशापायी चाललंया?"

निरंजन थकला होता. पायातून चिखल काढता काढता त्यानं सरळ सांगून टाकलं. वीस तारीख, बाईंची तपासणी, शंभरातल्या नऊ रिंगा, टेबल बंद पडण्याची भीती. "तुम्ही सुखी असलात तर काम चांगलं होईल असं साहेबांना वाटतं," तो म्हणाला. "मलाही वाटतं. पण तुम्हाला सुख कशात आहे तेच मला सापडत नाही."

सगुणाबाईंनी त्याचा दुसरा बूट पाण्यात बुचकळला.

"सुख ऱ्हाऊ द्या तकडं," त्या म्हणाल्या. "संडासाला कडी लावा."

"काय?"

"बायकांच्या संडासाला. आट म्हैनं झालं कडी तुटून. येक आत गेली की दुसरीनं भाईर दार धरून उबं ऱ्हायाचं. म्हंजी टेबलावरनं दोगी उठत्यात. लाज वाटती, मंग आमी काय करतु? पानीच पीत न्हाई. सकाळी घरनं घोटभर घ्यून येतु, ते संध्याकाळी घरी जाऊन. दुपारच्याला डोकं धरतंया. आट घंटे उबं ऱ्हाऊन टाचा जळत्यात. डोळ्याम्होरं येका रिंगंच्या दोन दोन दिसत्यात. त्यातली चिरलेली कंची न् चांगली कंची, तुमीच सांगा."

"पण मला सांगायचं नाही का?"

"चिठ्ठ्या टाकल्या की. त्या लाल पेटीत. तुमच्या दाराम्होरं टांगलीया ती."

सूचना पेटी! तीन वर्षांपूर्वी निरंजननंच टांगली होती. तिची चावी पहिल्याच आठवड्यात हरवली होती, आणि पेटीत कुणी काही टाकत नाही म्हणजे सगळं ठीक चाललंय, अशी त्यानं स्वतःची समजूत घालून घेतली होती. चिखलाच्या पावलांनी तो ऑफिसात गेला आणि स्क्रूड्रायव्हरनं पेटीचं कुलूप उचकटलं. बसची दोन तिकिटं निघाली, एक चॉकलेटचा कागद निघाला आणि एकतीस चिठ्ठ्या. सव्वीस चिठ्ठ्यांवर एकच मागणी होती. कुणी 'कडी' लिहिलं होतं, कुणी 'कडि'. एकीला लिहिता येत नसावं. तिनं दाराचं चित्र काढलं होतं आणि दाराला एक हात चिकटवला होता.

ती चिठ्ठी हातात धरून निरंजन खुर्चीत बसला. चाळीस प्रश्नांचा तक्ता, बारा मासे, सिंह हास्य हे सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि त्याचे कान तापले.

घरी गौतमीला सांगितलं तेव्हा ती भाजी चिरत होती. सुरी थांबली. "माझ्या पहिल्या शाळेत असंच होतं," ती म्हणाली. "दिवसभर आम्ही चौघी बाया पाणी नाही प्यायचो. मुख्याध्यापकांना वाटायचं, बाया फार उपासतापास करतात." मग तिनं मान वर केली. "उद्या काय करणार आहात?"

"उद्या वीस तारीख आहे," निरंजन म्हणाला. "पण त्याआधी सकाळ आहे!"

त्याच्यात वीज संचारली होती. सुतार येणार नव्हता. रस्ता बंद असताना चिखल तुडवत कोण येतो? निरंजननं रात्रीच दुकान उघडायला लावून कडी घेतली, नरहरीकाकांकडून स्क्रूड्रायव्हर घेतला (सोबत चार सल्ले घ्यावे लागले) आणि सकाळी सातला कारखान्यात हजर झाला. रात्रपाळीच्या दोघांना हाताशी धरून आधी माळ्यावरची स्टुलं खाली काढली. बावीस स्टुलं माळ्यावर होती, कारण साहेबांच्या वडिलांचं मत होतं, बसलं की माणूस पेंगतो. ती पुसून टेबलाभोवती मांडली. मग तो बायकांच्या संडासाकडं वळला.

कडी लावणं हे दिसतं तितकं सोपं नसतं. मनुष्यबळ विकासाच्या कुठल्याही अभ्यासक्रमात ते नसतं. पहिल्यांदा कडी उलटी लागली. दुसऱ्यांदा सुलटी लागली, पण चौकटीवरचं भोक खाली राहिलं. तिसऱ्यांदा सगळं जुळलं. निरंजननं दोन पावलं मागं जाऊन बघितलं. अकरा वर्षांत स्वतःच्या हातानं केलेलं हे पहिलंच काम. आता आतून लागते का ते बघायला हवं म्हणून तो आत गेला, दार लोटलं आणि कडी सरकवली.

लागली. अशी लागली की निघेना. जोर लावला तशी कडीची मूठ हातात आली. स्क्रूड्रायव्हर बाहेर, मोबाइल बाहेर बेसिनवर.

पंधरा मिनिटांनी बाहेर पावलं वाजली. त्या होत्या शुभांगी रणपिसे, कुकर कंपनीच्या तपासणी अधिकारी. ट्रॉलीपाशी त्यांना गाडी सोडावी लागली होती आणि बांधावरून येताना गुडघ्यापर्यंत चिखल झाला होता. फाटकातून आत येताच त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो बायकांचं स्वच्छतागृह कुठं आहे हा. त्यांनी दार ढकललं. मग ठोठावलं.

"आत माणूस आहे," आतून आवाज आला.

शुभांगीबाई एक पाऊल मागं सरल्या. "कोण माणूस?"

"मनुष्यबळ अधिकारी."

यानंतरचा गोंधळ निरंजननं नुसता ऐकला. धावती पावलं, सुरक्षारक्षकाची शिट्टी, "सर आपण तिथे काय करताय?" असा कुणाचा तरी अत्यंत अदबीचा प्रश्न, आणि मग शैलेशसाहेबांचा आवाज. साहेब खास तपासणीसाठी लवकर आले होते. "चौसाळकर! आज? आजच?" या सगळ्यावर सगुणाबाईंची हाक चढली. त्या भिंतीवरून ओरडत होत्या, "हैबतआबा! ओ आबा! पहार घ्यून या! मानूस कोंडलाय!"

कोंडलेला माणूस कुणाचा, हे खेड्यात विचारत नाहीत. हैबतराव पहार घेऊन भिंतीवरून उतरले. एकदा दाराकडं बघितलं, चौकटीत पहार घातली आणि असा हिसका दिला, की कडी, चौकटीचा तुकडा आणि निरंजन तिन्ही एकदम बाहेर आले. निरंजनच्या एका हातात कडीची मूठ होती, केसांत लाकडाचा भुसा होता आणि तो समोर बघून म्हणाला, "नमस्कार. मी कडीची चाचणी घेत होतो."

हैबतरावांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. त्यांच्या मिशा थरथरल्या. मग पोटातून एक आवाज निघाला, आणि हैबतराव पहारीला टेकून हसायला लागले. हसता हसता खाली बसले. डोळ्यांतून पाणी आलं.

"आबा," निरंजन कळवळून म्हणाला, "खरंच सांगतो, त्या दिवशी आम्ही तुमच्यावर हसलो नव्हतो."

"आमी मातूर तुमच्यावरच हसतुया!" हैबतराव म्हणाले, आणि परत सुटले.

मग कुणालाच आवरेना. सगुणाबाई, बिहारचे चौघे, सुरक्षारक्षक, सगळे हसले, आणि यावेळी कुणाला पूर्वेला तोंड करावं लागलं नाही. निरंजनलाही हसू आलं. त्याचा स्वाभिमान त्या चौकटीच्या तुकड्यासारखा जमिनीवर पडला होता, पण ती वेळ तो उचलायची नव्हती.

हसले नाहीत ते दोघंच : शैलेशसाहेब आणि शुभांगीबाई. बाईंनी विचारलं, "पण बायकांच्या स्वच्छतागृहाची कडी तुम्ही स्वतः का लावत होता?" निरंजननं साहेबांकडं बघितलं नाही. खिशातून चिठ्ठ्या काढल्या आणि बाईंच्या हातात दिल्या. आठ महिने, दोघी उठणं, पाणी न पिणं, टाचा, एकाच्या दोन दिसणाऱ्या रिंगा, सगळं सांगितलं. हे सांगताना ऑर्डर चालली आहे हे त्याला कळत होतं. तरी सांगितलं.

शैलेशसाहेब लाल झाले. "माझ्या फॅक्टरीत?" असं म्हणून त्यांनी दाराचं चित्र असलेली चिठ्ठी बाईंच्या हातातून घेतली आणि उलटसुलट करून बघितली.

"माझ्याकडं छापील फॉर्म असतो," शुभांगीबाई म्हणाल्या. "त्यात लिहिलंय, स्वच्छतागृह आहे का, हो किंवा नाही. मी बारा वर्षं 'हो' लिहितेय. दाराला कडी आहे का, हे मी एकदाही बघितलं नाही." मग त्यांनी पाय धुतले, जाऊन पॅकिंगच्या टेबलापाशी एका स्टुलावर बसल्या आणि सगुणाबाईंच्या शेजारी बसून शंभर रिंगा स्वतः निवडल्या. उठताना म्हणाल्या, "तीन महिने देते. नऊवरून चारवर आणा."

हैबतराव तोवर चौकट ठोकत होते. "तुमच्या हातनं फकस्त फायली हुत्यात," असं म्हणून त्यांनी स्क्रूड्रायव्हर हिसकावून घेतला होता. त्यांनी लावलेली कडी पहिल्याच झटक्यात बसली आणि पहिल्याच झटक्यात निघाली. जाताना ते म्हणाले, "ट्रॉली काढतु. पर पुन्ना हसायचं आसंल तर आदी सांगा. म्या बी यीन."

पुढचं थोडक्यात. पिंपातलं पाणी दुपारपर्यंत संपायला लागलं, तेव्हा दुसरं पिंप आलं. भिंतीला दोन पंखे लागले. टेबलावरचा दिवा खाली घेतला. पहिल्या महिन्यात परत आलेल्या रिंगा शंभरात सहा. दुसऱ्या महिन्यात चार. तिसऱ्यात दोन! ऑर्डर कायम ठेवल्याचं कंपनीचं पत्र आलं त्या दिवशी शैलेशसाहेबांनी सगळ्यांना पटांगणात बोलावलं आणि उत्साहानं विचारलं, "सगुणाबाई, सांगा, हे कशामुळं झालं?" त्यांच्या खिशात हॉटेलातलं पेन तयार होतं.

सगुणाबाई म्हणाल्या, "सायेब, काय न्हाई. पाय दुकायचं थांबलं की डोळं चालत्यात. आन् आता त्ये जेवायच्या जागंचं बगा. पत्र्याखाली भाकरी पुन्ना भाजती."

त्या बोलायच्या थांबल्या तोवर निरंजन मोजपट्टी घेऊन निघालाही होता. मागोमाग जेवणाची सुट्टी झाली. पत्र्याच्या शेडमध्ये सगुणाबाई आणि बाकीच्या बायका येऊन गोल करून बसल्या. तो एका खांबापाशी पट्टी लावून दुसऱ्या खांबाकडं धावणार, तेवढ्यात सगुणाबाईंनी बूड सरकवून जागा केली.

"मोजाल की. आदी बसा."

"नाही, मी डबा ऑफिसात..."

"आवं बसा. ऊन कसं लागतंया ते उबं ऱ्हाऊन कळायचं न्हाई."

तो बसला. कुणी नाचणीची भाकरी दिली, कुणी खेकड्याचा रस्सा, कुणी आंबेमोहोराचा मऊ भात. पत्रा खरंच तापला होता. मानेवरून घाम ओघळत होता. एकजण नणंदेच्या लग्नाची गोष्ट सांगत होती आणि ती अर्ध्यावर सोडून उठणं कुणाही सभ्य माणसाला शक्य नव्हतं. दीडला सुट्टी संपल्याची घंटा होऊन गेली. बायका उठल्या, डबे धुतले, टेबलावर जाऊन बसल्या. नणंदेचं पुढं काय झालं ते दाराशी उभं राहून ऐकूनच निरंजन ऑफिसात परतला, तेव्हा घड्याळात एक वाजून बेचाळीस मिनिटं झाली होती.

उशिरा येणाऱ्यांची नोंद ठेवणं हे मनुष्यबळ अधिकाऱ्याचंच काम. त्यानं वही उघडली, लाल पेन घेतलं, 'चौसाळकर नि. द.' असं सुवाच्य अक्षरात लिहून पुढं 'बारा मिनिटं' मांडली. कारणाच्या रकान्यापाशी क्षणभर थांबला. मग तिथं 'जेवत होतो' असं लिहून त्यानं खाली झोकदार सही ठोकली.